नौकेच्या डिझेल इंजिनासाठी बॅटरी निवडताना

आमचा व्यवसाय घाऊक धान्याचा. तांदूळ, गहू, डाळी यांची वानगी तळहातावर घ्यावी, दोन दाणे दाताखाली धरून पाहावे आणि भाव सांगावा, हे आमचे आयुष्यभराचे काम. मॅट्रिकनंतर आम्ही पेढीवर बसलो. यंत्रविद्येचे शिक्षण घेण्याचा योग आला नाही. तथापि गोव्यातील आपल्या व्यापारी कुटुंबांतील काही तरुण मंडळी अलीकडे पेढीखेरीज इतर उद्योगांकडे वळली असून, मांडवी व जुवारी या नद्यांवर सहलीच्या नौका चालविणे हा त्यांपैकी एक उद्योग होय. आमच्या कुटुंबाचीही अशा एका नौकेत चार आण्यांची भागी आहे. भागीदाराच्या नात्याने खर्चाच्या पावत्या आमच्या डोळ्यांखालून जातात, आणि त्यांत दर दोन-तीन वर्षांनी एक वस्तू हटकून येते, ती म्हणजे इंजिन सुरू करावयाची बॅटरी. ती कोणत्या मापाने घ्यावी यासंबंधी तांडेल, मेकॅनिक व दुकानदार यांच्यात एकमत क्वचितच आढळते. आम्ही तिघांचेही ऐकून घेतले, पुष्कळसा हिशेब कागदावर मांडून पाहिला, आणि त्यातून जे हाती लागले ते सदस्य बंधूंच्या उपयोगी पडेल या समजुतीने येथे देत आहोत.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, मोटारीची बॅटरी बसली तर चार माणसे गाडी ढकलतात आणि काम भागते. नौका ढकलून इंजिन सुरू होत नाही. नदीच्या मध्यावर इंजिन बंद असता ओहोटी लागलेली असेल, तर पाणी नौकेस मुखाकडे, आग्वादच्या वाळूच्या दांड्याकडे ओढू लागते, आणि त्या वेळी नौकेवर उतारूंची मुलेबाळे असतात. लहान एक सिलिंडरचे इंजिन असल्यास दाब सोडण्याची कळ उचलून हाताने हँडल मारता येते. मोठ्या इंजिनास ती सोय बहुधा नसते. यास्तव दोन-अडीच हजार रुपये वाचविण्याचा विचार करताना तांडेलाच्या जागी आपण उभे आहोत अशी कल्पना करून पाहावी.

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते, त्या दाबाने ती अतिशय तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा गेला की ते पेट घेते. पेट्रोल इंजिनात हाच दाब साधारण आठ ते अकरा पट असतो. म्हणजे डिझेल इंजिन फिरविणे मुळातच जड, आणि ते नुसते फिरून भागत नाही. वेगाने फिरले पाहिजे. सावकाश फिरले तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडराच्या भिंतींत मुरून जाते आणि तेल पेटत नाही. ‘घुर्र घुर्र’ असा आवाज होतो, धूर निघत नाही, आणि प्रत्येक प्रयत्नाबरोबर बॅटरी अधिकच खाली जाते.

आता या कामास वीज किती लागते ते पाहू. मध्यम आकाराच्या नौकेच्या स्टार्टरवर दोन किलोवॅट असा आकडा असला, तर तो काम करीत असताना बारा व्होल्टच्या बॅटरीतून तीनशे अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. इंजिन पाच सेकंदांत सुरू झाले असे धरू. तीनशे गुणिले पाच म्हणजे दीड हजार. एका तासाचे ३६०० सेकंद, त्यांनी भागता उत्तर येते सुमारे ०.४२ अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीतून एका वेळच्या सुरुवातीस अर्धा टक्काही वीज खर्च होत नाही! हा हिशेब प्रथम मांडला तेव्हा आम्हांसही तो खोटा वाटला व पुन्हा करून पाहावा लागला. धान्याच्या भाषेत सांगावयाचे तर, कोठारात पोती किती आहेत हा येथे प्रश्नच नाही. कोठाराचे दार किती रुंद आहे आणि घटकाभरात किती पोती बाहेर निघतील, एवढाच प्रश्न आहे.

बॅटरीच्या आतील रचनाही याच कारणास्तव दोन प्रकारची असते. इंजिन सुरू करण्यासाठी केलेल्या बॅटरीत शिशाच्या पातळ पट्ट्या पुष्कळ संख्येने बसविलेल्या असतात. त्यामुळे आम्लाला लागणारे पृष्ठ मोठे होते आणि क्षणात भरपूर प्रवाह मिळतो. घरातील इन्व्हर्टरसाठी केलेल्या बॅटरीत पट्ट्या जाड व थोड्या असतात, किंवा नळ्यांच्या आकाराच्या असतात. ती बॅटरी तासन्‌तास सावकाश वीज देते आणि पुनःपुन्हा खोलवर उतरविली तरी टिकते. पण एका दमात तीनशे अँपिअर देणे हा तिचा धर्म नव्हे. उलट पातळ पट्ट्यांची बॅटरी दिव्यांवर व पंख्यांवर रात्रभर उतरविली, तर पट्ट्यांवरील द्रव्य झडून तळाशी बसते आणि थोड्याच महिन्यांत ती निकामी होते.

आमच्या परिचयाच्या एका व्यापारी बंधूंच्या नौकेवर हा प्रसंग प्रत्यक्ष घडला. दुकानदाराने त्यांस दीडशे अँपिअर-तासांची नळीची बॅटरी दिली. जुनी शंभराची होती, भावात फरक थोडा, आणि वजन तर एका माणसास उचलेना. वजनावर व आकड्यावर मंडळी खूष झाली. आरंभीचे काही दिवस इंजिन सुरू होत असे, जरा कुरकुरत का होईना. पुढे एका सायंकाळी रेइश मागूशच्या किल्ल्यासमोर उतारूंना सूर्यास्त दाखविण्यासाठी इंजिन बंद केले; दिवे व गाणी बॅटरीवर चालूच होती. अर्ध्या तासाने कळ दाबली तर इंजिन दोन वळसे घेऊन थांबले. तांडेल जुना व सावध होता म्हणून नांगर तत्काळ पडला. दुसऱ्या नौकेने दोर लावून धक्क्याला आणले, उतारूंचे पैसे परत करावे लागले, आणि भागीदारांत जे बोलणे झाले ते येथे लिहिण्याजोगे नाही. बॅटरी दोषी होती असे कोणी म्हणू नये. ती आपल्या जागी उत्तम होती. तिला जे काम दिले ते तिचे नव्हते.

तेव्हा खरेदीच्या वेळी पाहावयाचे माप म्हणजे इंजिन फिरविण्याच्या प्रवाहाचे माप. आणि येथेच व्यापाऱ्याने डोळ्यांत तेल घालावे, कारण हे माप एक नाही. वडीलधारी मंडळी सांगत की पूर्वी मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून अधिक. ‘मणाला इतके’ असा भाव ऐकून सौदा करणारा परगावचा व्यापारी हमखास फसे. बॅटरीच्या अँपिअरची आज तीच स्थिती आहे. वेष्टनावर ‘सीसीए’ अशी अक्षरे असतील, तर शून्याखाली अठरा अंश सेल्सिअस तपमानात, तीस सेकंदपर्यंत, ७.२ व्होल्टच्या खाली न उतरता बॅटरी जो प्रवाह देते त्याचा तो आकडा होय. ‘एमसीए’ असेल तर तीच परीक्षा शून्य अंशावर केलेली असते. सौम्य परीक्षेत गुण अधिक पडावयाचेच, त्यामुळे एकाच बॅटरीचा एमसीए आकडा सीसीएपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने मोठा दिसतो. पाचशे सीसीएची बॅटरी सव्वासहाशेच्या आसपासच्या एमसीएची म्हणून विकली, तर विक्रेता खोटे बोलला असे होत नाही. घेणाऱ्याने मात्र माप विचारलेले नसते. जुन्या जर्मन डीआयएन पद्धतीत परीक्षा अधिक कडक, म्हणून तोच आकडा सीसीएच्या सुमारे साठ टक्केच भरतो. क्वचित ‘एचसीए’ असेही छापलेले आढळते. ती परीक्षा सुमारे सत्तावीस अंशांच्या उबेत झालेली असते, आणि तिचा आकडा सर्वांत फुगलेला.

गोव्यात बर्फ पडत नाही, मग शून्याखालच्या मापाशी आपणास काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. तो रास्त आहे. आपल्या उबदार हवेत कोणतीही निरोगी बॅटरी सीसीएच्या आकड्याहून अधिकच प्रवाह देईल. परंतु तुलनेस कोठले तरी एकच माप धरावे लागते, आणि इंजिनाच्या पुस्तिकेत बहुधा हेच दिलेले असते. पुस्तिकेत जो आकडा असेल तो, किंवा त्याहून थोडासा अधिक, एवढेच घ्यावे. थंड देशांतील नौकावाले या आकड्यासाठी भारी किंमत मोजतात. त्यांचे पाहून आपणही दुप्पट सीसीएची बॅटरी आणणे म्हणजे येथल्या उकाड्यात लोकरीचे कपडे शिवणे होय. आपला खरा शत्रू थंडी नसून उष्णता आहे. तपमान दर आठ-दहा अंशांनी वाढले की शिसे व आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. इंजिनाच्या कोंदट कोठडीत, एक्झॉस्टच्या नळीशेजारी ठेवलेली बॅटरी लवकर गेली तर तिच्या कारखान्यास नावे ठेवण्यात अर्थ नाही. इंजिनाची उष्णता लागणार नाही अशी, पण स्टार्टरपासून फार दूर नसलेली जागा शोधावी.

फार दूर का नको, तेही सांगितले पाहिजे. तीनशे अँपिअरचा प्रवाह जाताना तारेतील अल्पसा अडथळाही मोठी तूट आणतो. पस्तीस चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत दर मीटरास सुमारे अर्धा मिलिओहम अडथळा असतो. जाण्यायेण्याची मिळून तार चार मीटर धरली, तर दोन मिलिओहम; तीनशेने गुणता ०.६ व्होल्ट वाटेतच गळाले. सत्तर चौरस मिलिमीटरची तार घातली तर तूट निम्मी. शिवाय खाऱ्या हवेने तारेच्या टोकांवर हिरवा-पांढरा क्षार चढतो, तो वेगळाच. म्हणूनच आमचे असे मत झाले आहे की, ‘बॅटरी गेली’ हे वाक्य कानी पडताच दुकान गाठू नये. निम्म्या वेळी तरी रोग अन्यत्र असतो.

परीक्षा घरच्या घरी होते. पाच-सहाशे रुपयांचे मीटर पुरे. रात्रभर काहीही न जोडता ठेवलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीने सकाळी १२.६ व्होल्ट दाखविले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास प्रत्येक खणातील आम्लाची घनता हायड्रोमीटरने पाहावी. पाच खण १.२५ च्या पुढे आणि एकच १.१५ वर असेल, तर तो खण मेला असे जाणून बॅटरीचा नाद सोडावा. वानगी एकाच पोत्याची न घेता सर्व पोत्यांची घ्यावी, हा नियम येथेही खरा. त्यानंतर इंजिन फिरविताना बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट राहतात ते पाहावे. भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली जात असेल तर ती अशक्त झाली आहे. मात्र बॅटरीवर साडेदहा व्होल्ट आणि स्टार्टरवर नऊच पोहोचत असतील, तर तारा व टोके घासून साफ करावीत, नवी बॅटरी आणून काही साधणार नाही. शेवटी इंजिन चालू असता बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यावयास हवेत. न आल्यास अल्टरनेटर वीज भरीत नाही असे समजावे. अशा नौकेवर बसविलेली नवी बॅटरीही आठवड्यात बसेल.

बॅटरी खरोखरच बदलावयाची ठरली, की प्रकारांचा प्रश्न येतो. पाणी घालावयाची साधी बॅटरी स्वस्त असते, ती तपासता येते, आणि ज्या नौकेवर महिन्यातून एकदा झाकणे उघडून शुद्ध केलेले पाणी घालणारा माणूस आहे तेथे तीच उत्तम. नदीचे किंवा नळाचे पाणी कधीही घालू नये. असा माणूस नसेल तर बंदिस्त, देखभाल न लागणारी घ्यावी. ‘एजीएम’ म्हणून जी निघते तिच्यात आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते. ती आडवी झाली तरी सांडत नाही, धक्के सोसते, प्रवाहही जोरात देते. ती पुष्कळ महाग आहे, आणि समुद्रात लाटांवर आपटणाऱ्या नौकेस ते पैसे वसूल होतात. शांत नदीत फिरणाऱ्या नौकेस होतातच असे नाही. जेलची बॅटरी इंजिन सुरू करण्यास आम्ही सुचविणार नाही. ती जोराचा प्रवाह देण्यास मागे पडते, आणि भरताना १४.१-१४.२ च्या वर व्होल्ट गेले तर बिघडते. नेहमीचा अल्टरनेटर तेवढा संयम पाळत नाही. लिथियमची हलकी बॅटरी तरुणांना फार आवडते. तिच्या पोटात संरक्षणासाठी जी विजेची पाटी असते ती काही कारणाने बॅटरी एकदम तोडून टाकू शकते, आणि इंजिन चालू असता तसे झाल्यास अल्टरनेटरचे डायोड जळण्याचा संभव असतो. दिव्यांसाठी ती घ्यावी; इंजिनासाठी घ्यावयाची तर ती त्याच कामाची आहे असे कारखानदाराने लेखी दिलेले असावे.

ताजेपणा! धान्याचा व्यापारी जुना व नवा माल वासावरून ओळखतो. बॅटरीस वास नाही, पण तारीख आहे. ती पेटीवर अक्षरे व आकडे यांच्या खुणेने कोरलेली असते, आणि दुकानदारास तिचा अर्थ विचारण्यात संकोच बाळगू नये. भरलेली बॅटरी नुसती पडून राहिली तरी महिन्याला काही टक्के उतरत जाते, आणि उतरलेल्या अवस्थेत पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात. ते मग सहजासहजी जात नाहीत. फळीवर वर्षभर बसलेली बॅटरी दहा टक्के सवलतीने मिळाली तर तो सौदा तोट्याचा. तीन महिन्यांच्या आतील मागावी, सहा महिन्यांपलीकडील परत करावी, आणि दुकानातच मीटर लावून १२.५ च्या वर व्होल्ट आहेत याची खात्री करून मगच पैसे द्यावेत.

याच कारणाने पावसाळ्यात अधिक जपावे लागते. जूनपासून समुद्रात जाणाऱ्या सहलीच्या नौका धक्क्याला लागतात. चातुर्मास सरता सरता, दिवाळीच्या सुमारास, उतारूंची गर्दी सुरू होते, आणि त्याच वेळी बॅटऱ्यांच्या दुकानांत नौकावाल्यांची झुंबड उडते. त्यांतील बहुतेक बॅटऱ्या कामाने मेलेल्या नसतात, चार महिने पडून मेलेल्या असतात. नौका उभी करतानाच बॅटरी काढून, टोके पुसून, कोरड्या व थंड खोलीत ठेवावी, आणि महिन्यातून एकदा चार्जर लावून पूर्ण भरावी. सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते असा एक समज सर्वत्र आहे. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला तो लागू नाही. पोती फळीवर रचावी ती ओलीसाठी. बॅटरीखाली फळी घातली तर बिघडत नाही एवढेच.

बसविताना काही गोष्टी किरकोळ वाटतात, पण नुकसान मोठे करतात. धन टोक उजवीकडे आहे की डावीकडे हे जुन्या बॅटरीशी ताडून पाहावे. उलट बाजूचे टोक आले की तार पुरत नाही, मग घाईत कोणीतरी तारा उलट जोडतो आणि अल्टरनेटर क्षणात जळतो. लांबी, रुंदी व विशेषतः उंची मोजून न्यावी. पेटी तबकात बसवून पट्ट्याने आवळलेली असावी. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो; म्हणून वर झरोका हवा. नौकेच्या तळातील खारे पाणी बॅटरीत शिरल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो, म्हणून ती तळाशी ठेवू नये. चोवीस व्होल्टच्या इंजिनास बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या लागतात. त्यांतील एक गेली तरी दोन्ही एकाच वेळी, एकाच कारखान्याच्या व एकाच तारखेच्या घ्याव्या. जुन्याबरोबर नवी जुंपली की भरताना एक उपाशी राहते व दुसरी अजीर्णाने मरते. येथे काटकसर करणारे भागीदार आम्ही पाहिले आहेत. वर्षाच्या आत त्यांनी तीन बॅटऱ्यांचे पैसे दिले.

आणि जेथे शक्य असेल तेथे दिवे, गाणी, पंप यांसाठी दुसरी बॅटरी ठेवून इंजिनाची बॅटरी त्यांपासून तोडावी. मध्ये एक साधा खटका किंवा आपोआप जोडणारा रिले बसविला की इंजिन चालू असता दोन्ही भरतात, बंद होताच वेगळ्या होतात. वर सांगितलेल्या नौकेवर आता तशी व्यवस्था आहे. तिचे उतारू सूर्यास्ताच्या वेळी हवी तितकी गाणी ऐकतात, आणि तांडेलास चिंता नसते.

जुनी बॅटरी फुकट देऊ नये. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते आणि त्याला रोजचा बाजारभाव आहे. दुकानदार नवीच्या किमतीतून वजा करतो ती रक्कम वजनाशी ताडून पाहावी आणि पावतीवर वेगळी लिहून घ्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे निकामी बॅटरी कचऱ्यात टाकण्यास मनाई असून, ती गोळा करून घेण्याची व्यवस्था उत्पादकांवर सोपविलेली आहे. भंगारवाला भाव अधिक देतो म्हणून त्याला दिली, तर तो आम्ल गटारात ओततो आणि शिसे मोकळ्यावर वितळवितो. त्याचा धूर कोणाच्या तरी घरात जातो. नव्या बॅटरीवर बसविल्याची तारीख रंगाने लिहावी आणि तीच तारीख, सीसीएचा आकडा व किंमत नौकेच्या वहीत टिपून ठेवावी. हमीचा दावा करावयाचा प्रसंग आला तर पावतीबरोबर वहीचे ते पानही दुकानी न्यावे.